व्हायरस, मालवेअर आणि एपीके : फोंड्यातल्या दुकानात सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात माझं कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हार्दोळ, सावईवेरे, शिरोडा, बोरी, कधी थेट वाळपईहून लोक येतात. खालचे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत. उत्तरं लिहून काढायचं कारण एकच. बिघाड झाल्यावर लोक तीन-चार दिवसांनी येतात. घरचे काय म्हणतील या लाजेनं गप्प बसतात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. म्हणून घाईचा प्रश्न सगळ्यात वर ठेवला आहे. मालवेअर म्हणजे नुकसान करायला बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर, व्हायरस हा त्यातलाच एक प्रकार.

आत्ताच काहीतरी चुकीचं दाबलं. आधी काय करू?

फोन असेल तर एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय वेगळं बंद झालंय ना ते पाहा, कारण काही फोनवर ते चालूच राहतं. जमलं तर सिम काढून ठेवा. कॉम्प्युटर असेल तर नेटची केबल उपटा, वाय-फाय बंद करा. आत शिरलेल्या चोराला बाहेर निरोप पाठवायला नेट किंवा एसेमेस लागतो. तो रस्ता तोडला की अर्धं काम झालं.

मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड थांबवायला सांगा. नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच घ्या, गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात. ते कुठल्यातरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते, आणि गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. व्यवहाराचा क्रमांक, आलेले मेसेज, स्क्रीनशॉट काहीही पुसू नका.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही माहीत असू द्या. चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा प्रकरणात बँकेकडून सूचना आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोष आपला असला तरी जितकं लवकर सांगाल तितकं कमी जाईल.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, दाबली, पण काहीच उघडलं नाही. हरकत नाही ना?

हरकत आहे. तुळशीचं लग्न झालं की खऱ्या पत्रिकांबरोबर या खोट्याही फिरायला लागतात.

डिसेंबरात म्हार्दोळहून एक काकी आल्या. फोन रुमालात गुंडाळून आणला होता, हात लावला तर आणखी बिघडेल अशा भीतीनं. पत्रिका ओळखीच्याच नंबरवरून आली होती. दाबल्यावर फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? त्यांनी होय म्हटलं. मग एसेमेस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पुन्हा आधीसारखा. पत्रिका दिसेना म्हणून काकींनी आणखी दोनदा दाबलं. मी सेटिंग्जमधली ॲपची यादी खाली सरकवत गेलो, तर मध्येच एक नाव नसलेली ओळ, शेजारी कोरा पांढरा चौकोन. त्यावर बोट ठेवलं की यादी आपोआप बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. काकी म्हणाल्या, "घरात पाहुणे होते रे, चार दिवस कोणाला सांगितलं नाही." दुसऱ्या रात्रीच दोन वेळा पैसे गेले होते.

पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. ती बघायला काहीही बसवावं लागत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, ते अँड्रॉइडवर बसणारं ॲप आहे. वाहतुकीचं ई-चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी, वीजबिल, नाव काहीही असो, आत माल तोच. एकदा बसलं की ते तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतं आणि तुमच्याच यादीतल्या लोकांना तीच फाइल पुढे पाठवू शकतं. म्हणून "ओळखीच्या नंबरवरून आली" याला काही अर्थ उरत नाही. आत्याकडून आली असेल तर आत्याला फोन लावून विचारा. बहुतेक वेळा तिला पत्ताच नसतो.

असं ॲप फोनमधून काढायचं कसं?

साध्या पद्धतीनं काढू देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण दाबून "पॉवर ऑफ"वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो. काहींवर फोन चालू होताना आवाज कमी करायचं बटण धरावं लागतं. सेफ मोडमध्ये फक्त फोनची मूळ ॲप चालतात, आपण बसवलेली झोपलेली असतात, म्हणून चोराला हात मारता येत नाही.

नंतरचा क्रम महत्त्वाचा. आधी सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" शोधा आणि अनोळखी ॲपचा अधिकार काढा. तो असेपर्यंत "अनइन्स्टॉल" बटण दबतच नाही, आणि पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. मग "ॲक्सेसिबिलिटी"त जा. ही सोय मुळात दृष्टी अधू असलेल्यांसाठी आहे, पण ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. काकींच्या फोनवर यादी बंद करणारा हात तोच होता. तिथलं अनोळखी नाव बंद करा आणि मगच ॲप काढा. शेवटी फोन नेहमीसारखा चालू करून प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टनं तपासणी करा.

ॲप काढलं. आता झालं ना?

नाही, आणि घात इथेच होतो. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून जीमेलचा पासवर्ड आधी बदला, मग बँकेचा. यूपीआय पिन नवा करा. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला असेल तर तोडा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

तुमचे कॉल दुसरीकडे वळवले गेलेत का, तेही बघा. *#२१# लावला की कळतं. वळवलेले असतील तर ##००२# लावून सगळं रद्द करा. कुरिअरवाला म्हणून कोणी फोनवर ४०१ नं सुरू होणारा कोड लावायला सांगितला तर तो कॉल वळवण्याचाच कोड असतो. लावू नका.

त्यापेक्षा सरळ फॅक्टरी रीसेट मारला, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा केला तर?

बँकेचं ॲप असलेल्या फोनवर असलं काही बसलं असेल तर मी गिऱ्हाइकाला रीसेटच सांगतो. आधी फोटो आणि नंबर काढून घ्या, एपीके फाइली मात्र परत आणू नका. रीसेटनं जवळपास सगळं जातं. अपवाद अगदी स्वस्त, नाव नसलेल्या वस्तूंचा. काही फोन आणि टीव्हीला लावायचे अँड्रॉइड बॉक्स कारखान्यातूनच मालवेअर घेऊन येतात. बॅडबॉक्स हे त्यातलं गाजलेलं प्रकरण, २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंही त्याबद्दल इशारा दिला. अशा बॉक्सवर माझ्याकडे उपाय नाही, घरच्या वाय-फायवरून तो काढून टाका.

फोन तापतो, बॅटरी टिकत नाही. व्हायरसच ना?

बहुतेक नसतो. जुनी बॅटरी, भरलेली मेमरी, मे महिन्यातली गोव्याची हवा, एवढं पुरतं. पावसाळ्यात दमटपणानं चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज धरतो, तोही बघा. शंका घ्यायची ती वेगळ्या खुणांवर: आपण न बसवलेलं ॲप, आपोआप गेलेले एसेमेस, न मागता आलेले ओटीपी, सेटिंग्ज उघडली की बंद होणं.

पडद्यावर सारख्या घाणेरड्या जाहिराती येतात. मुलांसमोर फोन काढायची लाज वाटते.

यात लाजण्यासारखं काही नाही, आणि याला पाच मिनिटं पुरतात. कुठल्यातरी पानानं "सूचना दाखवू का?" विचारलेलं असतं आणि घाईत "अलाऊ" दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून तिथल्या अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढा. जाहिरात क्रोम बंद असतानाही पूर्ण पडद्यावर येत असेल तर नव्यानं बसवलेलं टॉर्च, क्लीनर किंवा वॉलपेपरचं ॲप काढा. फोन "साफ" करणारी ॲप तर कोणीच ठेवू नयेत.

आमचा आयफोन आहे. आम्हाला धोका नाही ना?

कमी आहे, शून्य नाही. एपीके त्यावर चालत नाही. कॅलेंडरमध्ये भलत्याच सूचना येत असतील तर ते नको असलेलं कॅलेंडर काढून टाका. सेटिंग्जमध्ये जनरलखाली "व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट"मध्ये आपण न टाकलेलं प्रोफाइल दिसलं तर तेही काढा. पासवर्ड मागणाऱ्या खोट्या पानांपुढे मात्र आयफोन आणि अँड्रॉइड सारखेच.

कॉम्प्युटर स्वतः साफ करता येईल का?

नव्वद टक्के कामाला माझ्याकडे यायची गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीच असतो. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस तपासणीच्या पर्यायांत जाऊन डिफेंडर ताजा करा, मग "ऑफलाइन स्कॅन" निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज जागं व्हायच्या आतच साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. त्या वेळी मालवेअरही झोपलेलं असतं, म्हणून ही तपासणी नेहमीच्या तपासणीपेक्षा खोल जाते. त्यानंतर एक पूर्ण स्कॅन रात्रभर लावून ठेवा.

मग हातानं बघायच्या तीन जागा: बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावून त्रास सुरू झाला त्या सुमाराचं काय आहे, टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी) कॉम्प्युटर चालू होताना कोण आपोआप उठतं, आणि ब्राउझरमध्ये कुठली एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आहेत. शोध गुगलऐवजी भलतीकडे जात असेल तर चोर बहुधा तिसऱ्या जागी सापडतो.

पासवर्ड चोरणारं मालवेअर होतं असं कळलं तर मी स्वच्छ करून देण्यावर समाधान मानत नाही, विंडोज नव्यानं घालतो. ते पासवर्डांबरोबर ब्राउझरमधली लॉगिनची खूणही (जिच्यामुळे पासवर्ड न टाकताही खातं उघडतं) नेतं, म्हणून पासवर्ड बदलताना "सगळीकडून बाहेर पडा" हेही दाबा.

पडद्यावर मोठा भोंगा वाजतो, "कॉम्प्युटरला व्हायरस लागला, या नंबरवर फोन करा" असं येतं.

फोन करू नका. ते एक साधं पान आहे, पडदा व्यापून बसलेलं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर देत नाही. "आज रात्री तुमची वीज तोडू" असा मेसेज पाठवून, तुमचा पडदा दुरून बघता येईल असं ॲप बसवायला लावणारे याच जातीचे. वीज खातं कोणाच्या फोनवर ॲप चढवून बिल वसूल करत नाही.

आमचा मांद्र्याला होमस्टे आहे. पाहुण्याची तक्रार ईमेलवर आली, त्यात "मी रोबो नाही" सिद्ध करायला सांगतात.

हा प्रश्न पेडण्याच्या एका बाईंनी फोनवर विचारला, आणि त्या दाबायच्या आधी विचारल्या याचा मला आजही आनंद आहे. गोव्यात खोल्या भाड्यानं देणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

ईमेल बुकिंग डॉट कॉमच्या नावानं येतो. कोणीतरी वाईट अभिप्राय दिलाय, किंवा पाहुण्याला काही विचारायचंय, असा मजकूर. दुव्यावर गेलं की खोटी तपासणी उघडते आणि तीन पायऱ्या सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. तुम्ही काही टाइप केलेलं नसतं, पण त्या पानानं एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा) ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांनी ती आज्ञा तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता. अँटिव्हायरसलाही वाटतं, मालकानंच सांगितलंय. या युक्तीला क्लिकफिक्स म्हणतात. हॉटेलवाल्यांवरची ही मोहीम डिसेंबर २०२४ पासून चालू असल्याचं मायक्रोसॉफ्टनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं, आणि त्यात दक्षिण आशियाही होता.

कुठलीही खरी तपासणी तुम्हाला विंडोज आणि आर दाबायला लावत नाही. बुकिंगचं काहीही बघायचं तर ईमेलमधून न जाता पत्ता स्वतः टाइप करून आत जा. खोल्यांच्या व्यवहाराचा कॉम्प्युटर मुलांच्या खेळासाठी देऊ नका. एंटर दाबून झालं असेल तर नेट तोडा आणि दुसऱ्या यंत्रावरून बुकिंगचे, ईमेलचे, बँकेचे पासवर्ड बदला, कारण पुढचा फटका तुमच्या पाहुण्यांना तुमच्या नावानं बसतो.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावला, आता आत नुसते शॉर्टकट दिसतात. प्रोजेक्ट गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. मालवेअरनं खऱ्या फाइली लपवून त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. शॉर्टकटवर दोनदा क्लिक करू नका, ते केलं की तुमच्याही कॉम्प्युटरला हा रोग लागतो. आधी पेन ड्राईव्हवर उजवं क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन करा. मग फोल्डरच्या "व्ह्यू"मध्ये लपलेल्या वस्तू दाखवायला सांगा. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये "संरक्षित सिस्टिम फाइली लपवा" यावरची खूण काढा. फाइली दिसल्या की तेवढ्याच उचलून घ्या आणि पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा.

दुकान सुरू केलं तेव्हा मी एकच पेन ड्राईव्ह सगळ्या मशीनना लावायचो. एका आठवड्यात चार गिऱ्हाइकांकडे हाच रोग माझ्याकडून गेला. चौघांना फोन करून बोलावलं, खरं सांगितलं, मशीन पैसे न घेता साफ करून दिली. तेव्हापासून लिहायला बंदी करणारी कळ असलेलाच पेन ड्राईव्ह वापरतो. प्रिंट काढायची तर फाइल ईमेलनं पाठवणं सगळ्यात बरं.

सगळ्या फोटोंच्या नावापुढे भलतीच अक्षरं आली, एकही उघडत नाही, आणि पैसे मागणारी चिठ्ठी आहे.

हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणारं मालवेअर. खोटं सांगत नाही, यात पुष्कळदा काहीच परत मिळत नाही. नेट तोडा, जोडलेली डिस्क काढा. पैसे देऊ नका, दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही. नो मोअर रॅन्सम हा उपक्रम युरोपोल (युरोपीय संघाची पोलिस संस्था) आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर जुलै २०१६ मध्ये सुरू केला. तिथे चिठ्ठी आणि एक बंद फाइल टाकली की कुठला प्रकार आहे आणि त्याची किल्ली फुकट मिळते का ते कळतं. आज नसली तरी बंद फाइली एका डिस्कवर जपून ठेवा. काही किल्ल्या वर्षांनी सापडल्या आहेत.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती येऊन जवळपास दोन महिने झाले होते. ज्यांनी अपडेट पुढे ढकललं होतं ते अडकले.

खरा उपाय बॅकअप. बाहेरची डिस्क घ्या, महिन्याला एकदा लावा, फोटो आणि हिशेब उतरवा आणि काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं.

सॉफ्टवेअर महाग आहे. क्रॅक वापरला तर काय बिघडतं?

क्रॅक म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायची चोरवाट. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर घरोघरी पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅकमधून. क्रॅकबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, "आधी अँटिव्हायरस बंद करा." आपणच कुत्रा बांधून दार उघडतो.

आपल्याकडे पुष्कळ जण मराठी टायपिंगसाठी क्रॅक शोधतात. चवथीच्या आधी मंडळांची पत्रकं छापायची असतात तेव्हा तर हमखास. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कळफलक आतच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा आणि फोनेटिक निवडा. दहा मिनिटांचं काम, पैसे नाहीत, धोका नाही.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

घरच्या वापराला अद्ययावत डिफेंडर पुरतो, हे मी दुकानात अँटिव्हायरस विकत असूनही सांगतो. कार्यालयात पाच-सहा यंत्रं असतील आणि अपडेट कोणी बघत नसेल तर घ्या. पुण्याच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला, याचं दुरुस्तीवाला म्हणून मला कौतुक आहे. कुठलंही घ्या, पण एका वेळी दोन बसवू नका, ते एकमेकांशीच भांडत बसतात.

विंडोज १० चालेल का अजून?

त्याचं मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. यंत्र ११ घेत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घालून बघा. बँक, ईमेल आणि मराठी टायपिंग त्यावर व्यवस्थित चालतं.

सायबर स्वच्छता केंद्राचा मेसेज आला. हीच फसवणूक तर नाही?

केंद्र खरं आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं आणि तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात. पण मेसेजमधला दुवा दाबू नका. सीएसके डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा.

मी बोटीवर असतो, सहा महिने घरी नाही. आई-बाबांच्या फोनवर काय करून ठेवू?

निघायच्या आधी एक संध्याकाळ द्या. सेटिंग्जमध्ये "अनोळखी ॲप बसवणे" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, तिन्हींची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो, व्हिडिओ, फाइली आपोआप उतरणं बंद करा. पेन्शनचं खातं आणि रोजच्या यूपीआयचं खातं वेगळं ठेवा. यूपीआयच्या खात्यात दोन-तीन हजारच असू द्या आणि पेन्शनच्या खात्याचं ॲप फोनवर नकोच. बँकेत जाऊन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या.

मग जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात १९३०, बँकेचा नंबर आणि जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर लिहून देवघराशेजारी लावा. तुम्ही समुद्रात असताना तुमचा फोन लागत नाही, म्हणून तो तिसरा नंबर. त्या माणसालाही आधी सांगून ठेवा, की रात्री अकराला फोन आला तरी आधी ऐकून घ्यायचं, रागवायचं नाही. काकींनी चार दिवस फोन रुमालात बांधून ठेवला होता तो पैशांच्या भीतीनं नव्हे, मुलगा ओरडेल म्हणून.